इलेक्ट्रॉनिक हस्तकला, मुलांची

कागद, कापड, पुठ्ठा, कणीक अशा साध्या साहित्यात विद्युत मंडल (सर्किट) बसवून स्पर्श, दाब किंवा प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या वस्तू मुलांनी स्वतः घडवण्याची पद्धत. उघडताच दिवा लागणारे शुभेच्छापत्र हे तिचे परिचित रूप. तयार भागांचा संच जोडण्याहून ती वेगळी मानावी, कारण येथे वाहक वाट आणि बटण हेही मूलच बनवते.

उगमाबाबत एकमत नाही. काही जण तिची मुळे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ च्या सुमारास बालशिक्षणात आणलेल्या खेळसाहित्यात पाहतात, तर काही विसाव्या शतकातील हौशी रेडिओ जोडणीत. गणितज्ञ व शिक्षणविचारवंत सीमोर पॅपर्ट यांच्या विचाराशी जोडलेले नाते अधिक सयुक्तिक वाटते. ज्ञान मूल स्वतः रचते, हे बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांचे मत. जिनिव्हात त्यांच्यासोबत काम केलेल्या पॅपर्ट यांनी त्याला पुस्ती जोडली, की इतरांना दाखवता येईल अशी वस्तू घडवताना ही रचना विशेष चांगली होते. आजची साधने मात्र बहुतांशी २००५ पासूनची आहेत : इटलीत तयार झालेला, आज्ञावली भरता येणारा छोटा मंडलफलक आर्डुइनो (२००५), लेह ब्युकली यांचा कापडावर शिवता येणारा तसाच फलक लिलीपॅड (२००७) आणि शरीरातून जाणारा क्षीण प्रवाह ओळखून संगणकाला कळ दाबल्याचा संदेश देणारे मेकी मेकी (२०१२).

कागदी मंडलात तांब्याची चिकटपट्टी, एलईडी आणि ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा बटण सेल पुरतो. पट्टीचा गोंद अनेकदा वीज वाहत नाही. म्हणून कोपऱ्यावर ती तोडू नये, दुमडून वळवावी. एलईडीचा लांब पाय धन बाजूला येतो. लाल आणि निळा एलईडी एकाच सेलला समांतर जोडले, तर बहुधा लालच उजळतो. ‘निळा खराब आहे,’ असे मूल म्हणते. लाल काढताच निळा लागतो. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टवर प्रकाशतो, निळ्याला ३ च्या आसपास विद्युत दाब (व्होल्टेज) लागतो. लाल पेटला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे दोघांवरचा दाब खाली येतो आणि निळ्याला तो पुरत नाही. हे उत्तर मोठ्यांनी आधी सांगून टाकू नये; लाल काढून पाहण्याचे मुलालाच सुचले, तर या पद्धतीचे खरे काम तेथे झाले.

कणकेच्या प्रकारात मीठ घातलेला गोळा वाहक असतो. साखर आणि ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरलेला गोळा जवळजवळ निरोधक, म्हणजे वीज न वाहू देणारा, ठरतो. दोन वाहक गोळ्यांमध्ये तो ठेवला नाही आणि ते एकमेकांना टेकले, तर प्रवाह एलईडीला टाळून जातो.

बटण सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास त्याच्या प्रवाहामुळे तेथे अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. लहान मुलांसाठी स्क्रूने बंद होणारी सेलपेटी वापरावी. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.