'नेमेसिस': वाटणीपासून वैऱ्यापर्यंत

स्पॅनिश वर्तमानपत्रात 'नेमेसिस' भेटला की बहुधा अर्थ असतो पाठ न सोडणारा प्रतिस्पर्धी. शब्द स्त्रीलिंगी, वैरी पुरुष असला तरी 'ला नेमेसिस'च, आणि अनेकवचनातही रूप तेच. पण वैरी हा या शब्दाचा अगदी अलीकडचा अवतार.

मूळ ग्रीक क्रियापद 'नेमेइन', म्हणजे वाटून देणे. (आपल्या 'नेम'शी त्याचा संबंध नाही, तो संस्कृत 'नियम'मधून आला.) ज्याला जे मिळायला नको ते मिळालं, की पाहणाऱ्याला येणारा रास्त संताप म्हणजे नेमेसिस. 'इलियड'मध्ये ट्रॉयच्या तटावर बसलेले म्हातारे हेलनला येताना पाहून म्हणतात, अशा बाईसाठी दोन्हीकडच्यांनी इतकी वर्षं सोसलं, यात 'नेमेसिस' नाही. म्हणजे दोष देण्यासारखं काही नाही. ॲरिस्टॉटलने तर या भावनेला मत्सर आणि दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानणं यांच्या मधली जागा दिली. सूड अजून कुठेच नाही.

प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात नेमेसिस देवी आहे, रात्रीची मुलगी. इतिहासकार हेरोडोटसकडे ती शिक्षा होते: स्वतःला सर्वांत सुखी समजणाऱ्या क्रीसस राजाला देवाकडून नेमेसिस गाठते आणि त्याचा मुलगा शिकारीत मरतो.

तिचं मोठं देऊळ ॲटिकामधल्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखातल्या, राम्नूसला, मॅरेथॉनच्या उत्तरेला. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहितो, इ.स.पू. ४९०च्या स्वारीत पर्शियनांनी विजयस्मारकासाठी पारोसचा संगमरवर सोबतच आणला होता. मॅरेथॉनची लढाई ते हरले, आणि त्याच दगडातून नेमेसिसची मूर्ती घडली. मूर्तिकार म्हणून पॉसेनियस फिडिआसचं नाव सांगतो, इतर ॲगोराक्रिटसचं. दगडाची कथा जरा जास्तच जुळून आलेली वाटते, पण अथेन्सवाल्यांना ती सांगावीशी वाटली हेच पुरेसं बोलकं आहे.

गंमत म्हणजे स्पॅनिश भाषा जन्मण्याआधीच ही देवी स्पेनमध्ये पोचली होती. रोमन काळात ग्लॅडिएटरांच्या आखाड्यांत तिची उपासना चाले. सेव्हियाजवळच्या इतालिकाच्या आखाड्यात तिला वाहिलेल्या, पावलांचे ठसे कोरलेल्या शिळा सापडल्या. तारागोनाच्या आखाड्यात तिचं भित्तिचित्र होतं.

'कट्टर वैरी' हा अर्थ इंग्रजीत रुळला आणि बहुधा तिथूनच स्पॅनिशमध्ये आला. खरं तर वारंवार हरवणाऱ्या संघासाठी स्पॅनिश फुटबॉलप्रेमींकडे 'बेस्तिया नेग्रा', म्हणजे काळं जनावर, हा शब्द होताच. रेआल माद्रिदवाले बायर्न म्युनिचला तेच म्हणत आले. काळं जनावर आडवं यायला आपली काही चूक लागत नाही. जुन्या नेमेसिसला मात्र आधी कुणीतरी वाट्यापेक्षा जास्त घेतलेलं असावं लागे.