काचेची घडी

मुद्रितशोधनासाठी येणारी पानं मी कित्येक वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात फोनवरच वाचत आले. ए-फोर आकाराचं पान फोनवर उघडायचं, दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवत न्यायचं, मग परत डावीकडे येऊन पुढची ओळ शोधायची. या येरझाऱ्यांत एखादी ओळ निसटायचीच, आणि नेमकी त्याच ओळीत चूक असायची. चाळिशी लागून आता दहा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी घडीचा फोन घेतला. बंद असताना नेहमीच्या फोनसारखा, आणि पुस्तकासारखा उघडला की आत साधारण आठ इंचांचा, जवळजवळ चौकोनी पडदा. त्याने माझं वाचणं बदललं, ते का, आणि काचेसारखी ठिसूळ वस्तू दिवसातून शंभर वेळा दुमडते तरी कशी, हे दोन्ही मला सांगायचं आहे.

आधी साधा हिशेब. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद असतं. नेहमीच्या ६.७ इंची फोनचा पडदा सुमारे ७ सेंटिमीटर रुंद. म्हणजे अख्खं पान त्यात बसवलं की अक्षर एक-तृतीयांश होतं. १२ पॉइंटचा मजकूर ४ पॉइंटवर येतो. औषधाच्या डबीवरचा मजकूर आठवा. उघडलेल्या घडीच्या फोनची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे तेच अक्षर पावणेआठ पॉइंटचं दिसतं. हे वर्तमानपत्रातल्या अक्षराच्या जवळ आलं. देवनागरीला तर हा फरक जास्तच जाणवतो. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय एवढ्या सगळ्यांची सोय करावी लागते, म्हणून त्याच पॉइंटात मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. ४ पॉइंटात ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक कोणत्याही चष्म्याला दिसत नाही.

सिनेमा पाहणाऱ्याला मात्र एवढा फायदा होत नाही. पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं खरं, पण चित्रपटाची चौकट आडवी आणि पडदा चौकोनी, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्र त्या मानाने फारसं मोठं होत नाही. दुकानातला विक्रेता हटकून व्हिडिओ लावून दाखवतो. मी म्हणेन, तिथे उभ्याउभ्या एखादा सातबारा किंवा विम्याचे कागद उघडून पाहा. हा फोन आपल्या कामाचा आहे की नाही ते दोन मिनिटांत कळेल.

आता काचेकडे येऊ. काच वाकत नाही असं आपण म्हणतो, पण घरात इंटरनेटसाठी आलेली फायबरची वायर भिंतीच्या कोपऱ्यावरून वळून राऊटरपर्यंत गेलेली असते, आणि तिच्या आतला तंतू काचेचाच असतो. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. काच पातळ केली की वाकते. कारण कोणतीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मध्ये कुठेतरी एक पातळी अशी असते की जी ना ताणली जाते ना दाबली जाते. बाहेरचा पृष्ठभाग या तटस्थ पातळीपासून जितका लांब, तितका त्याच्यावर ताण जास्त. ताण किती टक्के, हे काढायला सोपं सूत्र आहे: जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं.

घडीच्या फोनमधलं वळण दीड मिलिमीटर त्रिज्येचं धरू. नेहमीच्या फोनवरची ०.७ मिलिमीटर जाडीची काच तिथे वाकवायची म्हटलं, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग २३ टक्के ताणला जायला हवा. साधी काच हजारात एक भाग ताणली गेली तरी तडकते. म्हणजे प्रश्नच मिटला. पण काच ३० मायक्रॉनची घेतली, तर ताण एका टक्क्यावर येतो. मायक्रॉन हा शब्द महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीमुळे घराघरांत पोचला. ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्या चालणार नाहीत, हे वाक्य आपण भाजीवाल्यापासून नगरपालिकेच्या फलकापर्यंत सगळीकडे ऐकलं-वाचलं. या फोनमधली काच त्या ५० मायक्रॉनच्या मर्यादेहूनही पातळ आहे.

तरीही एक टक्का ताण साध्या काचेला झेपणाऱ्या ताणाच्या दहापट आहे. पातळपणा एकटा पुरत नाही. इथे शंभर वर्षांपूर्वीचं काम उपयोगी पडतं. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ साली दाखवून दिलं की काच तिच्या अंगच्या बळाच्या मानाने फार लवकर फुटते, ती पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म भेगांमुळे. ताण त्या भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग पुढे धावते. त्याने काचेचे बारीक तंतू ओढून मोजले, तेव्हा तंतू जितका बारीक तितका तो त्याच्या जाडीच्या मानाने बळकट निघाला. तेव्हा उपाय दोन: भेगा राहू द्यायच्या नाहीत, आणि राहिल्याच तर त्यांची तोंडं मिटलेली ठेवायची.

तोंडं मिटलेली ठेवण्याची युक्ती मला फार आवडते. काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या सोरा या क्षारात, बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे असलेले पोटॅशियमचे आयन शिरतात. लोकलच्या बाकावरून एक सडपातळ माणूस उठला आणि त्याच जागेत धिप्पाड माणूस बसला, की बाकावरचे सगळे एकमेकांना चेपून बसतात, तसं काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. मग काच वाकवली की आलेला ताण आधी तो दाब संपवण्यात खर्च होतो आणि भेग उघडायला फारसं काही उरत नाही. हीच पद्धत साध्या फोनच्या मजबूत काचेलाही वापरतात. ३० मायक्रॉनच्या पापुद्र्यावर ती नीट उतरवणं आणि कापलेल्या कडा गुळगुळीत ठेवणं, हे काम अवघड आहे.

म्हणूनच पहिल्या घडीच्या फोनमध्ये काच नव्हती. २०१८च्या शेवटी चिनी कंपनी रॉयोलने पहिला असा फोन विकायला काढला, २०१९च्या फेब्रुवारीत सॅमसंगने आपला जाहीर केला; दोन्हींवर प्लॅस्टिकचा पडदा. सॅमसंगचे फोन एप्रिलमध्ये परीक्षणासाठी पत्रकारांना दिले, तेव्हा काहींनी वरचा पातळ थर दुकानात लावून मिळणाऱ्या कव्हरसारखा समजून सोलून काढला. तो पडद्याचाच भाग होता. काही फोनमध्ये बिजागरीच्या टोकाशी असलेल्या फटीतून कण आत शिरले आणि पडद्याला खालून टेंगूळ आलं. कंपनीने विक्री पुढे ढकलली, थराच्या कडा चौकटीखाली दडवल्या, फटी बुजवल्या आणि सप्टेंबरमध्ये फोन आणला. काच आली ती २०२०च्या फेब्रुवारीत, डबीसारख्या मिटणाऱ्या फोनवर. ती जर्मनीच्या शॉट कंपनीची होती. आजही त्या काचेवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतोच, आणि आपलं बोट लागतं ते त्या थराला. नख रुतवलं तर खूण उमटते ती याचमुळे.

काचेखालच्या पडद्यालाही वाकावं लागतं. जुन्या एलसीडीत मागे दिवा आणि पुढे दोन काचांमध्ये द्रवस्फटिक असे. त्या दोन काचांमधलं अंतर जरा बदललं तरी चित्र बिघडतं, तिथे घडीचं नावच नको. ओलेड जातीच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो. चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकच्या प्रयोगशाळेतून १९८७ साली त्याची पहिली कामाची रचना प्रसिद्ध केली. त्यातले प्रकाश देणारे सेंद्रिय थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात आणि ते पॉलिइमाइड नावाच्या, ४०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकवर बसवता येतात. त्याच जातीची सोनेरी-पिवळी फित अंतराळयानांच्या आवरणात वापरतात.

पण हे सगळे पापुद्रे एकमेकांना घट्ट चिकटवले असते तर पुन्हा जाड फळीच तयार झाली असती. जाडजूड दिवाळी अंक हातात घेऊन वाकवा आणि त्याच्या कडेकडे बघा. पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडा तिरपी होते, म्हणून अंक सहज वाकतो. तीच पानं खळीने चिकटवली तर पुठ्ठा होईल. पडद्याच्या पापुद्र्यांमध्ये पारदर्शक आणि मऊ डिंक असतो. वाकताना तो थोडा घसरू देतो, त्यामुळे प्रत्येक पापुद्र्याला स्वतःची तटस्थ पातळी मिळते. या क्षेत्रातली सगळ्यात हुशारीची गोष्ट मला हा डिंकच वाटतो, आणि जाहिरातीत त्याचं नावही नसतं.

मधली रेघ याच मऊपणाचा परिणाम. प्लॅस्टिक आणि डिंक वारंवार एकाच जागी दुमडले की पूर्ण मूळपदावर येत नाहीत, हळूहळू वळ धरतात. अलीकडच्या बिजागऱ्या पडद्याला टोकदार न दुमडता आत पाण्याच्या थेंबासारखं गोल वळण देतात. त्रिज्या वाढली की वरच्या सूत्राप्रमाणे ताण कमी होतो आणि रेघ उथळ राहते. माझ्या फोनवर समोरून, पडदा चालू असताना ती दिसत नाही. बाजूने उजेड पडला की दिसते, बोटाला तर नेहमीच लागते. वाचताना माझं तिच्याकडे लक्ष जात नाही.

टिकण्याचं म्हणाल तर कंपन्या दोन लाख घड्यांची चाचणी सांगत आल्या आहेत. रोज शंभर वेळा उघडझाप केली तर साडेपाच वर्षं. घड्यांपेक्षा मला भीती वाळूची वाटते, आणि ती अनुभवातून आली आहे. गुहागरच्या समुद्रावरून परतल्यावर फोन उघडताना बिजागरीतून करकर ऐकू येऊ लागली. दुरुस्ती केंद्रात साफ करून मिळाला, पण पडदा बदलावा लागला असता तर किती खर्च आला असता तो आकडाही त्यांनी सांगितला. त्या पैशांत एक चांगला साधा फोन येतो. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. ती काचेहून कठीण, मग वरच्या मऊ प्लॅस्टिकची काय कथा. म्हणून विकत घेताना आयपी या अक्षरांपुढचे दोन आकडे नीट वाचावेत. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. २०२१मधल्या आयपीएक्स८ फोनला पाण्यापासून संरक्षण होतं, पण धुळीच्या जागी एक्स, म्हणजे धुळीबद्दल काहीच हमी नाही. पूर्ण धूळरोधक, आयपी६८ असलेला घडीचा फोन गूगलने २०२५मध्ये आणला. शेतात, बांधकामावर, गिरणीत काम असणाऱ्याने याहून कमी आकड्याचा घडीचा फोन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुस्तकासारखे उघडणारे मोठे फोन फार महाग असतात. ज्याचं रोजचं वाचन फोनवर होत नाही त्याने तेवढे पैसे का घालावेत, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्या घरात त्याचे आणखी दोन उपयोग निघाले. एक म्हणजे तो अर्धा उघडून ओट्यावर लॅपटॉपसारखा उभा ठेवता येतो. आई भाजी निवडता निवडता नाशिकच्या मावशीशी बोलते, दोन्ही हात मोकळे. दुसरा म्हणजे दोन कागद शेजारी शेजारी: डावीकडे लेखकाचं हस्तलिखित, उजवीकडे जुळवलेलं पान. गर्दीत उभी असते तेव्हा फोन मिटलेलाच असतो. तिकीट, यूपीआय, निरोप हे सगळं बाहेरच्या पडद्यावर होतं. ठाण्याला बसायला जागा मिळाली की तो उघडते. आणि उतरण्याआधी, मिटवताना, ओढणीच्या टोकाने आतला पडदा एकदा पुसते, कारण दोन पानांत अडकलेला एक कणही त्या ३० मायक्रॉनच्या काचेला पुरेसा असतो.