विकिपीडियावरचे संपादन वाद आणि ते मिटवायची पद्धत

संपादन वाद म्हणजे विकिपीडियाच्या एखाद्या लेखात काय लिहायचं, कसं लिहायचं आणि काय वगळायचं यावरून संपादकांमध्ये होणारी भांडणं. वाद कशावरूनही होतो, अगदी एखाद्या नटाच्या जन्मसालावरूनही, पण राजकारण, धर्म, जात आणि इतिहास या विषयांवरचे वाद जास्त चिवट असतात, कारण तिथे येणाऱ्याला वाटत असतं की आपल्या माणसाचा, आपल्या देवाचा, आपल्या समाजाचा अपमान झालाय आणि तो आत्ताच्या आत्ता पुसला पाहिजे. पुणे आणि आसपासचा परिसर तर अशा विषयांनी भरलेला आहे. लाल महाल, भिडे वाडा, देहू, तुळापूर, वढू, कोरेगाव भीमा, यातल्या बहुतेक नावांमागे निदान दोन बाजू आहेत आणि दोघांनाही लेख आपल्याच म्हणण्यासारखा हवा असतो.

पुण्याला कोशांची परंपरा तशी जुनीच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात काढले, पुढे पं. महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोशही पुण्यातच झाला. तिथे मतभेद झाला तर शेवटचा निर्णय संपादकाचा, आणि खंड छापून आला की विषय पुढच्या आवृत्तीपर्यंत बंद. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तिथे मात्र शेवटचा निर्णय कुणाचाच नसतो, कुणीही ‘संपादन’ हे बटण दाबतं आणि मजकूर बदलतं, पण प्रत्येक बदल पानाच्या ‘इतिहास’ मध्ये तारीख-वेळेसकट राहतो. कुणी काय घातलं आणि कुणी काय उडवलं हे वर्षांनंतरही उघडून बघता येतं, आणि माझ्या मते वाद मिटवायच्या सगळ्या सोयींमध्ये ही सगळ्यात मोठी, कारण ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ ही भानगडच राहत नाही.

वाद पेटतो कसा

एकाने बदल केला, दुसऱ्याने उलटवला (म्हणजे आधीचा मजकूर परत आणला), पहिल्याने परत घातला, की झालं संपादन युद्ध सुरू. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर ब्लॉक (संपादनाला बंदी) होऊ शकतो, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना (उघड उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासाडी, काढणं वगैरे मोजकी सूट सोडून). मराठीवर प्रचालक (पान सुरक्षित करायचे, ब्लॉक करायचे अधिकार असलेले सदस्य) मोजकेच आहेत आणि सगळे आपापली नोकरी-धंदा सांभाळून फुकट काम करतात, त्यामुळे रात्री अकराला सुरू झालेलं युद्ध सकाळपर्यंत कुणी बघितलेलंही नसतं.

भांडणाची कारणं बघितली तर तीच तीच सापडतात. निवडणुका आल्या की उमेदवारांच्या लेखांत ‘कार्यसम्राट’, ‘लोकनेते’, ‘विकासपुरुष’ अशी फ्लेक्सवरची भाषा येते, आणि विरोधी बाजूचं कुणीतरी त्याच लेखात संदर्भाशिवाय भ्रष्टाचाराचा परिच्छेद चिकटवतं. पहिलं काढायचं कारण ती जाहिरात, आणि दुसरं तर ताबडतोब काढायचं, कारण हयात माणसाबद्दलचं संदर्भ नसलेलं नुकसानकारक वाक्य चर्चा होईपर्यंतही ठेवत नाहीत. कुणी पैसे घेऊन लिहीत असेल तर ते उघड करणं २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच आहे. दुसरं कारण म्हणजे लढायांच्या लेखातली माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता. कोरेगाव भीमाची १ जानेवारी १८१८ ची लढाई घ्या, लेखात चार परिच्छेद नीट समजावून लिहिता येतात पण चौकटीत ‘परिणाम’ या एका ओळीत कोण जिंकलं ते लिहायचं म्हटलं की दोन्हीकडचे लोक त्या एका ओळीवर तुटून पडतात. अशा वेळी ओळ रिकामी ठेवून ‘मजकूर पहा’ लिहिणं हा पळपुटेपणा नाही, उलट ज्या गोष्टीवर अभ्यासकांमध्ये एकमत नाही ती दोन शब्दांत कोंबायचीच कशाला.

तिसरं कारण आदरार्थी. इंग्रजी विकिपीडियावर लेखाचं नाव नुसतं ‘शिवाजी’ आहे आणि ते बदला म्हणून लोक वर्षानुवर्षं मागणी करत आलेत, पण तिथला शैलीनियम असा की नावाला उपाधी लावायची नाही, येशू आणि मुहंमद पैगंबर यांचे लेखही तिथे नुसत्या नावानेच आहेत. मराठीवर लेख ‘शिवाजी महाराज’ याच नावाने आहे आणि मराठीत ते सहजही वाटतं. अडचण पुढे येते, क्रियापदात. एकाच लेखात महाराज ‘आले’ आणि समोरचा ‘आला’, टिळक ‘म्हणाले’ आणि एखादा खान ‘म्हणाला’, हे आपल्या कानाला इतकं सवयीचं आहे की पक्षपात दिसतच नाही. मला स्वतःला वाटतं की निदान एका लेखात एका माणसासाठी एकच रूप शेवटपर्यंत ठेवावं आणि शिवीवजा विशेषणं कुणालाच लावू नयेत, एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं कमी होतील.

एक वाद जवळून: गणेशोत्सव कुणी सुरू केला

२०१७ ला पुणे महापालिका सार्वजनिक गणेशोत्सवाचं १२५ वं वर्ष साजरं करत होती तेव्हा श्रीमंत भाऊसाहेब रंगारी मंडळाने हरकत घेतली, की उत्सव भाऊ रंगारींनी १८९२ मध्ये सुरू केला, श्रेय एकट्या लोकमान्य टिळकांना देऊ नका. असा वाद शहरात झाला की लेखात उतरायला वेळ लागत नाही.

आता हा मिटवायचा कसा. आधी भांडणाचं वाक्य वेगळं काढायचं. ‘सार्वजनिक गणेशोत्सव टिळकांनी सुरू केला’ हे एक वाक्य दिसतं पण त्यात तीन दावे गुंतलेत: घराबाहेरचा पहिला गणपती कुणी बसवला, तो कोणत्या साली, आणि हा उत्सव महाराष्ट्रभर कुणामुळे पसरला. असं सोडवून मांडलं की लगेच कळतं की तिसऱ्या मुद्द्यावर भांडण फारसं नाहीच, टिळकांनी ‘केसरी’तून उत्सवाचा जोरदार पुरस्कार केला हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, मारामारी पहिल्या दोनवर आहे. मग संदर्भ तपासायचे. मंडळाची स्मरणिका हा मंडळाचं म्हणणं काय आहे यासाठी उत्तम संदर्भ, त्यापुढे नाही. १८९३ च्या ‘केसरी’चा अंक हा प्राथमिक साधन, त्यातली ओळ उद्धृत करता येते पण ‘यावरून सिद्ध होतं की’ असं स्वतःचं अनुमान जोडलं की ते मूळ संशोधन झालं आणि विकिपीडियावर मूळ संशोधनाला जागा नाही. एखाद्या इतिहासकाराने दोन्ही बघून लिहिलेलं पुस्तक हा दुय्यम संदर्भ, लेखाचा भार त्याच्यावर टाकायचा. आणि वर्तमानपत्रातली बातमी वापरताना एक गोष्ट जरूर तपासायची, बातमी कधीची आहे आणि तेव्हा विकिपीडियावर काय लिहिलेलं होतं, कारण बातमीदाराने विकिपीडियावरून उचललेलं आणि मग तीच बातमी विकिपीडियाला संदर्भ म्हणून जोडलेली असा गोल फिरणारा पुरावा चिक्कार सापडतो.

शेवटी लेखात राहणारं वाक्य साधारण असं असतं: भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला असं मंडळाचं म्हणणं आहे, टिळकांनी १८९३ पासून ‘केसरी’तून या उत्सवाला पाठिंबा दिला आणि पुढच्या काळात तो गावोगाव पसरला. यात कुणी जिंकलं नाही हे खरं, पण प्रत्येक तुकडा कुणाचा आहे ते वाचणाऱ्याला कळतं.

श्रद्धेची वाक्यं

हीच पद्धत धार्मिक विषयात लावताना जास्त जपावं लागतं. तुकाराम महाराज सदेह वैकुंठाला गेले ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे, फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूला बीजेचा सोहळा त्याचसाठी भरतो, आणि दुसरीकडे काही लेखकांनी त्यांचा खून झाला असा दावा केलेला आहे. विकिपीडिया स्वतःच्या तोंडाने यातलं कुठलंही एक सत्य म्हणून सांगू शकत नाही. ‘वारकरी परंपरेनुसार ते सदेह वैकुंठाला गेले’ असं सरळ लिहायचं, उगाच ‘भाबडे भाविक समजतात’ असला खवचट सूर लावायचा नाही, आणि खुनाचा दावा असेल तर तो कुणी, कुठल्या पुस्तकात, कशाच्या आधारावर केला ते नावानिशी द्यायचं. जागा किती द्यायची तेही ठरवावं लागतं. तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना मोजून सारख्या ओळी असं बऱ्याच नव्या संपादकांना वाटतं पण तसं नाहीये, ज्या मताला अभ्यासकांमध्ये जेवढं वजन तेवढीच लेखात जागा. नाहीतर कुठल्याही लेखाच्या निम्म्या भागात कुणा एकाचं व्हॉट्सॲपवर फिरणारं मत येऊन बसेल.

जातींवरच्या लेखांत वजनाचा हा प्रश्न अजून अवघड होतो. ब्रिटिश काळातले जनगणना अहवाल आणि गॅझेटियर घेऊन लोक आपल्या जातीचं मूळ क्षत्रिय असल्याचं सिद्ध करायला येतात, आणि म्हणूनच इंग्रजी विकिपीडियावर जातींच्या बाबतीत राजवटीच्या काळातले असे संदर्भ विश्वासार्ह धरत नाहीत. हा नियम मराठीवरही पाळला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पुस्तक उघडून बघणं

पुण्यातल्या संपादकाला एक मोठी सोय आहे, वाद ज्या कागदावरून चालू आहे तो कागद बऱ्याचदा याच गावात मिळतो. सदाशिव पेठेत १९१० चं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, लॉ कॉलेज रोडवर १९१७ चं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, पेशवे दफ्तर, आणि १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर. वाद अडला की यातल्या कुठेतरी जाऊन पुस्तक मागवायचं, आतलं शीर्षकपान बघून आवृत्ती आणि साल टिपायचं (आवृत्ती बदलली की पान क्रमांक बदलतात, अर्धे वाद यातूनच होतात), आणि ज्या ओळीवरून भांडण आहे त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-तीन वाक्यं अक्षरशः उतरवून पान क्रमांकासकट चर्चा पानावर (प्रत्येक लेखाला जोडलेलं, संपादकांनी बोलायचं पान) टाकायची. अख्खं पान स्कॅन करून चढवू नका, प्रताधिकाराचा प्रश्न येतो. आधीची-नंतरची वाक्यं यासाठी, की लेखकाने ‘असं म्हटलं जातं पण ते खरं नाही’ लिहिलेलं असतं आणि भांडणारा फक्त पहिला अर्धा भाग घेऊन आलेला असतो.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद याच मार्गाने पुढे सरकला, विकिपीडिया येण्याच्या कितीतरी आधी. आधी १६२७ धरत, मग जेधे शकावलीसारखी (शकावली म्हणजे सालवार घटनांची जुनी नोंद) साधनं पुढे आली, अभ्यासक अनेक दशकं भांडले, राज्य सरकारने १९६६ ला समिती नेमली आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने २००१ मध्ये स्वीकारली. लेखात तारीख आणि तिच्यामागचा वाद दोन्ही लिहिता येतात ते या मेहनतीमुळे. याच्या उलटही पुण्याने बघितलंय, ५ जानेवारी २००४ ला एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून जमावाने भांडारकर संस्थेत घुसून तोडफोड केली, पुस्तकं आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. जिथे पुरावा जपलेला असतो तीच जागा फोडली तर पुढचा वाद मिटवायचा कशाच्या जोरावर, हे दुःख आहे.

वर कुणाकडे जायचं

चर्चा पानावर जमलं नाही तर वादात नसलेल्या एखाद्या जाणत्या सदस्याला मत विचारायचं, नाहीतर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विषय मांडायचा. सहमती म्हणजे मतदान नव्हे, मित्रमंडळींना ग्रुपवर मेसेज टाकून वीस जणांना ‘समर्थन’ लिहायला आणलं तरी एका नीट संदर्भापुढे त्याला किंमत नाही, आणि एकाच माणसाने चार नावांनी खाती काढली असतील तर ती तपासून घेता येतात. प्रचालक पान काही दिवस सुरक्षित करू शकतो, वागणुकीवरून ब्लॉक करू शकतो, पण लेखात काय असावं याचा निकाल देणं हे त्याचं काम नाही, हे लोकांना पटता पटत नाही. इंग्रजीवर यापुढे लवाद समिती आहे, ती २००४ पासून काम करते, आणि भारत-पाकिस्तानच्या विषयांसाठी तिथे वेगळे कडक नियम आहेत. मराठीवर अशी समिती नाही, त्यामुळे इथे सगळं माणसांच्या सबुरीवर चालतं.

अलीकडे वाद थेट पोलीस आणि कोर्टापर्यंत जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने (राज्य पोलिसांच्या सायबर विभागाने) विकिपीडियाला नोटीस काढली आणि काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. त्याआधी २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला, त्या खटल्यावरचं पानच ऑक्टोबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काढावं लागलं, आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ ला रद्द केला. संभाजी महाराजांबद्दलच्या मजकुराचा राग येणं समजू शकतं, तुळापूर आणि वढू आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण गुन्हा दाखल झाल्याने लेख सुधारत नाही. जुना मजकूर कुठल्या पुस्तकावर आधारलेला होता आणि त्याच्यापेक्षा चांगलं पुस्तक कुठलं, हे कुणीतरी बसून दाखवल्यावरच तो सुधारतो, आणि ते करू शकणारी माणसं भीतीने या विषयांतून बाहेर पडतायत.

वाद मिटला की चर्चा पुसत नाहीत, ती संग्रहात जाते, आणि चर्चा पानाच्या वर एक ओळीची सूचना लावता येते की या मुद्द्यावर आधी सहमती झालेली आहे, बदल सुचवायचा असेल तर आधी ती वाचा आणि नवा संदर्भ घेऊन या.