ते 10-20-90 टक्क्यांचं त्रिकोणी चित्र खोटं आहे बरं का

नागपुरात कुठल्याही शिक्षक ट्रेनिंगला जा, ती स्लाइड येतेच. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहते, ऐकलेलं 20, स्वतः केलेलं 90. आणि खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव! अहो, डेलनं 1946 मध्ये पुस्तकात अनुभवांचा शंकू, म्हणजे हे त्रिकोणी चित्र, काढलं हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता, आकडे नंतर कोणीतरी चिकटवले आणि सगळे तेच सांगून राहिले.

म्हणून ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरं स्वतः करून-विचार करून शिकतात हा विचार, फालतू असं नाही हं. 2014 मध्ये विज्ञान-गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले, तर नुसत्या लेक्चरमध्ये नापास व्हायचं प्रमाण, पोरांना स्वतः करायला-विचार करायला लावणाऱ्या वर्गांच्या दीडपट निघालं.

पण नुसते हात चालवून होत नाही ना बाप्पा, डोकं चालायला पाहिजे. पोरांना संत्री दिली, सोलली, खाल्ली, झाली अ‍ॅक्टिव्हिटी? तुझ्या संत्र्यात 10 फोडी, तिच्या 11, मग दोघांची एक फोड सारखाच अपूर्णांक काहून नाही, हे बाईंनी विचारलं आणि पोरं भांडायला लागली की तिथून शिकणं सुरू होते. त्यामुळे ‘ज्ञानरचनावादात शिक्षकाला काही कामच उरत नाही’ असं म्हणतात, तेही चूकच, उलट डबल काम.