बिग बेन: घंटेचं नाव मनोऱ्याला कसं चिकटलं

ठाण्यात ‘मासुंदा तलाव’ म्हणणारे थोडे. बाकी सगळ्यांची ती तलावपाळी. पाळ म्हणजे खरं तर काठ, पण काठाचं नाव अख्ख्या तलावाला लागलं. लंडनच्या ‘बिग बेन’चीही गत तीच. हे मूळ नाव तिथल्या संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या आत टांगलेल्या, तासाचे टोले देणाऱ्या मोठ्या घंटेचं. ९६ मीटर उंचीचा मनोरा कागदोपत्री नुसता ‘क्लॉक टॉवर’ होता. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून २०१२ मध्ये त्याला ‘एलिझाबेथ टॉवर’ नाव मिळालं.

मग हा बेन कोण? एक मत म्हणतं, त्या काळचा धिप्पाड मुष्टियोद्धा बेंजामिन कॉंट. दुसरं नाव सर बेंजामिन हॉल यांचं. ते सरकारी बांधकाम खात्याचे प्रमुख होते आणि अंगापिंडानं तेही थोराड. हॉल यांचं पारडं जड वाटतं, कारण १८५६ मध्ये ओतलेल्या पहिल्या घंटेवर त्यांचं नाव कोरलेलं होतं.

ती घंटा मात्र मनोऱ्यावर चढलीच नाही. खाली चाचणी चालू असताना १८५७ मध्ये तिला तडा गेला. तिचे तुकडे करून धातू वितळवला आणि १८५८ मध्ये व्हाइटचॅपलच्या ओतशाळेत दुसरी घंटा ओतली: वजन १३.७ टन, तोंडाचा व्यास २.७ मीटर. हिच्यावरच्या मजकुरात हॉल यांचं नाव नाही. टोपणनाव तेवढं जुन्या घंटेकडून हिच्याकडे आलं.

११ जुलै १८५९ ला पहिला टोला पडला आणि सप्टेंबरात हीही तडकली. दोष हातोड्याचा: ओतणाऱ्यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या दुपटीहून तो जड होता. घंटेचं कासं कडक, पण ठिसूळ. वजनदार फटका एकाच जागी बसत राहिला की तडा जातोच. पुढची चार वर्षं तासाचे टोले दर पाव तासाला वाजणाऱ्या चार छोट्या घंटांपैकी सर्वांत मोठीवर पडले. १८६३ मध्ये मार्ग निघाला. फटका धड भागावर बसावा म्हणून घंटा थोडी फिरवली, सुमारे २०० किलोचा हलका हातोडा बसवला आणि तडा पुढे सरकू नये म्हणून त्या जागचा छोटा चौकोनी तुकडा काढला. तडा बुजवलेला नाही. बिग बेनचा आवाज किंचित बेसूर लागतो, तो त्याच्यामुळे.