स्कायरिम : मॉडयुक्त खेळातील बिघाडांचे निदान

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ या संगणकीय खेळात शेकडो मॉड घातले की तो मध्येच बंद पडू लागतो किंवा लोडिंगच्या पडद्यावर रेंगाळतो. असे का होते हे शोधून काढणे हे या खेळाच्या चाहत्यांमध्ये एक वेगळे कसबच मानले जाते. मॉड म्हणजे मूळ खेळाला खेळाडूंनी स्वतः तयार करून जोडलेली भर : नवी गावे, नवी शस्त्रे, दाट जंगले, जास्त रेखीव चेहरे, लढाईचे बदललेले नियम. खेळ पडून थेट डेस्कटॉप समोर आला, तर त्याला ‘सीटीडी’ (क्रॅश टू डेस्कटॉप) म्हणतात. बहुतेक वेळा कसलाही संदेश येत नाही. आवाज तुटतो, पडदा जातो आणि कारण सांगणारे कोणी उरत नाही.

बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘क्रिएशन किट’ हे संपादनाचे साधन कंपनीने सर्वांसाठी मोफत खुले केले आणि मॉडचा ओघ सुरू झाला. मूळ आवृत्ती ३२ बिटची होती. तिला सुरुवातीला २ जीबी आणि डिसेंबर २०११ च्या दुरुस्तीनंतर ४ जीबी एवढीच मेमरी वापरता येई, मग संगणकात कितीही रॅम असो. त्यातच खेळ सुरू होताना २५६ एमबीचा एक गट राखून ठेवला जाई. तो भरला की खेळ पडे, नाहीतर लोडिंगचा पडदा संपतच नसे. २०१४ मध्ये एका मॉडकर्त्याने हा गट मोठा करण्याचा मार्ग शोधला आणि तो ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’, म्हणजे एसकेएसई, या मॉडना जास्त क्षमता देणाऱ्या साधनात सामावला गेला. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेली ‘स्पेशल एडिशन’ ६४ बिटची असल्याने ही कोंडी फुटली. मात्र ‘मेमरी कमी पडते’ हे जुने उत्तर लोकांच्या तोंडी तसेच राहिले. आज ते सरसकट लावले, तर शोध भलतीकडे जातो.

पुढचा मोठा हादरा ११ नोव्हेंबर २०२१ च्या अद्ययावतीकरणाने दिला. खेळाची मुख्य फाइल नव्याने बांधली गेली आणि तिच्यातील फंक्शनांचे पत्ते बदलले. एसकेएसईवर चालणारे डीएलएल मॉड, म्हणजे खेळाच्या प्रोग्रामलाच जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली, नेमक्या याच पत्त्यांवर अवलंबून असतात, त्यामुळे त्यातले असंख्य एका रात्रीत निकामी झाले. अनेकांनी १.५.९७ ही जुनी आवृत्ती धरून ठेवली. डिसेंबर २०२३ च्या १.६.११३० आवृत्तीने पुन्हा तीच वेळ आणली. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘कोणता मॉड?’ हा नसून ‘खेळाची नेमकी आवृत्ती कोणती?’ हा असतो. एसकेएसई, त्याला पत्ते पुरवणारी ‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ आणि प्रत्येक डीएलएल या आवृत्तीशी जुळल्याशिवाय पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. काल रात्रीपर्यंत नीट चालणारा खेळ आज उघडतच नसेल, तर मधल्या वेळेत ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या सेवेने गुपचूप केलेले अद्ययावतीकरण हा पहिला संशयित धरावा.

पडण्याची वेळ

कारणाचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे खेळ कधी पडतो ती वेळ. मुख्य मेनू येण्याआधीच पडत असेल, तर बहुधा एखाद्या प्लगइनला, म्हणजे मॉडचे बदल नोंदवणाऱ्या फाइलीला, लागणारी आधारफाइल गायब असते किंवा डीएलएल चुकीच्या आवृत्तीची असते. आधारफाइलला मॉडविश्वात ‘मास्टर’ म्हणतात. एखादा मॉड दुसऱ्या मॉडमधल्या गावात घर बांधत असेल, तर ते गाव आधी अस्तित्वात असावे लागते. गाव देणारा मॉड काढून टाकला आणि घर देणारा तसाच राहिला, की खेळ उंबरठ्यावरच कोसळतो. मॉड ऑर्गनायझर २ सारखा व्यवस्थापक असे प्लगइन इशाऱ्याच्या खुणेने दाखवतो. ही खूण दिसत असताना खेळ सुरू करून पाहणाऱ्यांचे कितीतरी तास वाया जातात, याचे वाईट वाटते.

मेनू येतो पण सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, उघडताना खेळ पडतो, तेव्हा प्रश्न दोन तऱ्हेचा असू शकतो. सेव्ह खरोखर बिघडलेली असेल किंवा नुसती तशी भासत असेल. खेळाला एका वेळी ५१२ फाइली उघड्या ठेवता येतात. प्लगइन आणि बीएसए संग्रह (मॉडच्या फाइली एकत्र बांधलेले गठ्ठे) वाढून ही मर्यादा गाठली गेली, की चांगली सेव्हही बिघडल्यासारखी वाटते. ‘इंजिन फिक्सेस’ हा मॉड ही मर्यादा वाढवतो. अशा सेव्ह निराशेने पुसून टाकण्याआधी हे एवढे तरी तपासावे.

ठरावीक जागी, म्हणजे त्याच पुलावर किंवा त्याच दारातून आत जाताना दरवेळी खेळ पडत असेल, तर तो बिघाड त्यातल्या त्यात सोपा. त्या जागेत एखादी तुटलेली मेश, म्हणजे वस्तूच्या त्रिमितीय आकाराची फाइल, असते, ३२ बिटच्या जुन्या आवृत्तीतून न बदलता आणलेले मॉडेल असते, किंवा कोणा मॉडने तिथला ‘नॅव्हमेश’ पुसलेला असतो. नॅव्हमेश हा पात्रांना चालण्याची वाट दाखवणारा अदृश्य नकाशा. तो पुसला आणि दुसऱ्या प्लगइनला अजून त्याची गरज असली, की खेळाला नसलेली वाट शोधावी लागते. याउलट कुठेही, कधीही, वीस मिनिटांनी नाहीतर दोन तासांनी पडणारा खेळ खरी परीक्षा पाहतो. अशा वेळी जागेचा विचार सोडून मेमरी, स्क्रिप्ट (खेळातील घटना चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि सर्वत्र वावरणारे मॉड यांच्याकडे वळावे लागते.

क्रॅश लॉग

स्पेशल एडिशनसाठी ‘क्रॅश लॉगर’ हा मॉड आहे. खेळ पडताक्षणी तो डॉक्युमेंट्समधील ‘माय गेम्स’ फोल्डरात, एसकेएसईच्या खणात, एक मजकूर फाइल लिहून ठेवतो. सुरुवातीला चूक कोणत्या प्रकारची झाली ते आणि मेमरीतला पत्ता असतो. त्याखाली खेळ त्या क्षणी कोणत्या फंक्शनांतून जात होता त्याची उतरंड, मग प्रोसेसरच्या रजिस्टरांतील मूल्ये, मग स्टॅक (त्या क्षणी हाताळल्या जाणाऱ्या माहितीचा ढीग) आणि शेवटी सर्व डीएलएल व प्लगइनांची यादी येते. नवखा वाचक ही शेवटची यादी पाहून घाबरतो. तिच्यात नाव असणे हा कोणाचाही गुन्हा नाही. ती निव्वळ हजेरी आहे.

वाचायचे ते मधल्या भागात. स्टॅकमध्ये एखाद्या मेशचे नाव, एखाद्या पात्राचे नाव किंवा आठ अंकी फॉर्म आयडी वारंवार दिसतो का, ते पाहावे. हा आयडी षोडशमान पद्धतीतला असतो आणि त्याचे पहिले दोन अंक प्लगइनचा क्रम सांगतात. ०० पासून एफई पर्यंत क्रम असल्याने मूळ खेळात २५५ प्लगइनांची मर्यादा होती. एफएफ हा क्रम खेळताना नव्याने निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव आहे. स्पेशल एडिशनमध्ये एफई हा एकच क्रम ‘हलक्या’ प्लगइनांना वाटून दिला जातो आणि त्यात ४,०९६ प्लगइन मावतात. एफईने सुरू होणाऱ्या आयडीत पुढचे तीन अंकही वाचावे लागतात. हा आयडी ‘एसएसईएडिट’ या साधनात टाकला, की ती वस्तू मुळात कोणाची, तिच्यात कोणकोणत्या मॉडने फेरफार केला आणि शेवटी कोणाचा फेरफार टिकला, हे रंगीत रकान्यांत समोर येते.

लॉगमध्ये दिसते ती अपघाताची जागा. कारण पुष्कळदा तिथून दूर असते. १.५.९७ आवृत्तीत पत्त्याच्या शेवटी ‘डी६डीडीडीए’ ही अक्षरे दिसली, तर अनुभवी लोक लगेच दोन गोष्टी विचारतात : पेजफाइल किती आहे, आणि एखादे टेक्स्चर (वस्तूवर चढवलेले चित्र) किंवा मेश बिघडलेले आहे का? पेजफाइल म्हणजे रॅमला पूरक म्हणून विंडोजने डिस्कवर राखलेली जागा. रॅम भरपूर आहे म्हणून ती बंद करणारे आजही भेटतात. मॉडचा भार मोठा असेल तर ती २० जीबी किंवा अधिक ठेवण्याची शिफारस केली जाते. नुसत्या या एका बदलाने थांबलेले क्रॅश मोजायचे ठरवले, तर यादी लांबेल.

निम्मे-निम्मे

लॉग काहीच बोलत नसेल, तर विभागणीचा मार्ग उरतो. निम्मे मॉड बंद करून खेळ चालवायचा. तरीही पडला, तर दोष चालू निम्म्यात आहे. पडला नाही, तर बंद केलेल्यांत. दोषी निम्म्याचे पुन्हा दोन भाग करायचे. २५६ मॉड असतील तर आठ फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते, १,००० असतील तर दहा फेऱ्यांत. व्यवहारात फेऱ्या वाढतात, कारण मॉड एकमेकांवर अवलंबून असतात आणि मास्टर एका भागात, त्यावरचा मॉड दुसऱ्या भागात गेला तर नवाच क्रॅश उभा राहतो. शिवाय दोष कधी कधी एका मॉडचा नसून दोघांच्या भांडणाचा असतो. मग दोघेही एकटे निर्दोष ठरतात.

ही चाचणी आपल्या चालू सेव्हवर कधीही करू नये. मुख्य मेनूतच कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘सीओसी’ पुढे रिव्हरवुड असे लिहिले, की खेळ सेव्हशिवाय थेट त्या गावात उतरवतो. हेल्गन गावाकडे जाणाऱ्या घोडागाडीच्या लांबलेल्या सुरुवातीतून दरवेळी जावे लागत नाही. तो घोडागाडीचा प्रसंग चाचणीसाठी तसाही अयोग्यच आहे. खेळाचे हॅवॉक भौतिकी इंजिन सेकंदाला ६० चौकटींच्या (फ्रेम) गृहीतावर बसवलेले असल्याने, चौकटी त्यापुढे गेल्या की गाड्या उसळतात आणि उलटतात.

एका वेळी एकच बदल करणे ही या सगळ्यातील शिस्त. लोड ऑर्डर (प्लगइन कोणत्या क्रमाने लोड होतात तो क्रम) बदलली, दोन मॉड काढले, ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत केला आणि खेळ सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कळायला मार्ग राहत नाही. लोड ऑर्डरसाठी ‘लूट’ हे साधन चांगला आराखडा देते. पण ते क्रम लावते, भांडण मिटवत नाही. दोन मॉड एकाच पात्राचा चेहरा बदलत असतील, तर दोघांचे म्हणणे जुळवणारी जोडफाइल माणसालाच करावी लागते. डोके आणि अंग यांच्या रंगात फरक पडलेले पात्र दिसले, तर अशी जोडफाइल राहून गेली असे समजावे. हात पसरून ताठ उभ्या राहिलेल्या पात्रांची गोष्ट वेगळी. तिथे नवी अ‍ॅनिमेशन बसवल्यावर अ‍ॅनिमेशनच्या फाइली तयार करणारे ‘नेमेसिस’सारखे साधन पुन्हा चालवायचे राहिलेले असते.

मंद लोडिंग

मंदपणाची कारणे बहुतांशी साधी असतात आणि म्हणूनच ती शेवटी तपासली जातात. खेळ फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवावा. दुसरा कोणताही उपाय याची बरोबरी करत नाही. अँटिव्हायरस उघडली जाणारी प्रत्येक सुटी फाइल तपासत असेल, तर हजारो टेक्स्चरांमागे तो वेळ साचत जातो. खेळाचे आणि मॉडचे फोल्डर त्यातून वगळता येते. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये खेळ बसवल्यास विंडोजच्या परवानग्यांचा अडथळा येतो, तेव्हा त्यासाठी वेगळे फोल्डर बरे.

टेक्स्चरचा हिशेब मात्र बारकाईने करण्यासारखा आहे. प्रत्येक बाजूला ४,०९६ बिंदू असलेले एक टेक्स्चर बीसी७ पद्धतीने दाबले तरी १६ एमबी होते, आणि लहान प्रतींसह साधारण २१ एमबी. तेच २,०४८ वर आणले तर जागा एक चतुर्थांश लागते. डोंगराला मोठे टेक्स्चर शोभते. टोपलीतल्या कोबीला ते कशाला? व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी, भरली की टेक्स्चर रॅममध्ये ढकलली जातात आणि खेळ अडखळतो. मंद लोडिंगची तक्रार अनेकदा प्रत्यक्षात या अडखळण्याची असते. लोडिंगच्या पडद्याचा वेग चौकटींच्या मर्यादेशीही जोडलेला आहे. ‘एसएसई डिस्प्ले ट्वीक्स’मध्ये त्या पडद्यापुरती वेगळी मर्यादा ठेवता येते, आणि हा मोफतचा फायदा सोडू नये.

सेव्ह

स्कायरिमची सेव्ह म्हणजे फक्त पात्र कुठे उभे आहे याची नोंद नव्हे. पापिरस भाषेतील चालू स्क्रिप्टांची स्थितीही तिच्यात साठते. स्क्रिप्ट असलेला मॉड मधेच काढला, तर त्याच्या अर्धवट राहिलेल्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये मागे उरतात आणि निराधार होऊन रेंगाळतात. ‘रीसेव्हर’ या साधनाने त्या दाखवता येतात, पुसताही येतात. तरी पुसणे हा शेवटचा उपाय आहे, कारण कोणती स्क्रिप्ट कशाला लटकली आहे हे बाहेरून पूर्ण कळत नाही. टेक्स्चर, मेश, आवाज यांचे मॉड निर्धास्त काढता येतात. कथानक, अनुचर, लढाई यांचे मॉड नव्या खेळाच्या सुरुवातीलाच ठरवावेत.

मॉड काढण्याची वेळ आलीच, तर तो बसवण्यापूर्वीच्या सेव्हकडे परत जाणे सर्वांत स्वच्छ. त्यासाठी प्रत्येक बदलाआधी एक वेगळी, नाव दिलेली सेव्ह ठेवावी आणि आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नये, कारण ती नेमकी दारातून जाताना, खेळावर सर्वाधिक ताण असताना लिहिली जाते. मॉडकर्त्याला तक्रार कळवताना खेळाची आवृत्ती, क्रॅश लॉग, लोड ऑर्डर आणि नव्या खेळातही तोच बिघाड येतो की नाही, ही चार उत्तरे सोबत द्यावीत. बहुतेक मॉडकर्ते हे काम विनामूल्य, नोकरी-शिक्षण सांभाळून करतात. ‘चालत नाही’ एवढ्याच दोन शब्दांवरून त्यांना काही दुरुस्त करता येत नाही.