वहिवाट आणि परवानगी: दमण ते नगर हवेलीच्या वाटेचा खटला

बडोद्याहून मुंबईकडे जाताना वापी लागते. तिथून पश्चिमेला दमण, पूर्वेला दादरा आणि नगर हवेली. 1954 पर्यंत हे तिन्ही तुकडे पोर्तुगालकडे आणि मधली जमीन भारताची. नवसारी, बडोदे, कडी, अमरेली असे गायकवाडी राज्याचे विखुरलेले प्रांत ज्यांना माहीत आहेत, त्यांना हा नकाशा नवा वाटणार नाही.

या मधल्या जमिनीतून जाण्याच्या हक्कावरून पोर्तुगाल आणि भारत यांच्यात वाद झाला. त्याचे मूळ मराठी सनदांत आहे. 1779 च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळच्या गावांचा 12,000 रुपयांचा महसूल देऊ केला. 1783 आणि 1785 च्या सनदांनी गावे नेमून दिली. दिला तो महसूल, मुलूख नव्हे, असेच पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवले. पोर्तुगीजांची सत्ता इंग्रजांनी नंतर व्यवहारातून मान्य केली, आणि तेव्हापासून त्या वाटेची वहिवाट मोजायची.

जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेले, भारताने ये-जा थांबवली, आणि डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने दावा लावला. दोनच राज्यांत रूढी, म्हणजे दीर्घ वहिवाटीतून बनणारा बंधनकारक नियम, तयार होत नाही, हा भारताचा आक्षेप 12 एप्रिल 1960 च्या निकालात टिकला नाही. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल सव्वाशे वर्षे बिनतक्रार जात होता. तेवढ्यापुरता हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला.

खरी शिकवण सैन्याच्या मुद्द्यात आहे. फौज, सशस्त्र पोलिस आणि दारूगोळाही त्याच वाटेने गेला होता, पण 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानुसार त्यासाठी परवानगी लागे. तो तह 1892 मध्ये संपला तरी परवानगीची पद्धत चालूच राहिली. विनंती करणारा समोरच्याचा नकाराचा अधिकार मान्य करतो. मग खेपा कितीही होवोत, वाट देणे कायद्याने बंधनकारक आहे, अशी जाणीव तयार होत नाही. इथे 8 विरुद्ध 7 मतांनी हक्क नाकारला गेला. तणावाच्या काळात वाट थांबवून भारताने कर्तव्यभंग केला नाही, हेही 9 विरुद्ध 6 ने ठरले.

म्हणून असा दावा तपासताना आधी पत्रव्यवहार काढावा. पुरावा देण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर असतो. राजकीय आश्रयावरून याच न्यायालयात चाललेल्या 1950 च्या कोलंबिया-पेरू खटल्यात कोलंबिया तिथेच अडकला, त्याला रूढी सिद्ध करता आली नाही. कागद नसले म्हणून मात्र दावा आपोआप पडत नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वाच्या मालकीच्या सान हुआन या सीमेवरच्या नदीवर कोस्टा रिकाच्या काठची माणसे पोटापुरती मासेमारी करत आली होती. इतक्या दूरच्या भागात तिची नोंद कोण ठेवणार? निकाराग्वाने दीर्घकाळ हरकत घेतली नाही, एवढ्यावर 2009 मध्ये न्यायालयाने तो हक्क रूढीने सिद्ध मानला.